टॉवेलचे लूप, जेकार्डची भोकं आणि हवेतलं पाणी

टॉवेल आणि चादर यांत फरक काय, हे सोलापुरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. दोन्ही सुताचे, दोन्ही मागावरचे. तरी अंघोळ झाल्यावर हात चादरीकडे जात नाही, कारण टॉवेलला अंगभर लूप असतात. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ, लावलेले असतात. एकाचा ताणा घट्ट ओढलेला, दुसऱ्याचा मुद्दाम सैल सोडलेला. तीन आडवे धागे पडले की फणी जोरात पुढे येते आणि त्या सैल धाग्याची बारीक कडी वर उभी राहते. घरातला एखादा जुना टॉवेल खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघा, कड्यांचं रान उगवल्यासारखं दिसतं. पाणी धरतात ते या कड्या आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. (जुनाच टॉवेल घ्या. नव्यावर फिनिशिंगचा थर असतो, दोन-तीन धुण्यांनंतर तो खरा शोषायला लागतो.)

८ ऑक्टोबर २०२५ रोजी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी बारावीच्या वर्गात टॉवेल घेऊन गेलो. पुरस्कार मिळाला होता तिघांना: जपानच्या क्योतो विद्यापीठातले सुसुमु कितागावा, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठातले रिचर्ड रॉब्सन आणि अमेरिकेत बर्कलीला असलेले ओमर याघी. त्यांनी जे पदार्थ घडवले त्यांना ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’ म्हणतात. मराठीत धातू-सेंद्रिय चौकट म्हणता येईल, पण बोलताना सगळे ‘मॉफ’च म्हणतात, मीही तेच म्हणतो. मॉफमध्ये कामाची असते ती आतली मोकळी जागा. ती किती मोठी हवी, तिचं दार केवढं हवं आणि आत काय टिकावं हे माणसाला आधी ठरवता येतं. हे पूर्वी जमत नव्हतं.

एखाद्या इमारतीचं सेंट्रिंग डोळ्यांसमोर आणा. उभे-आडवे पाइप आणि जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे क्लॅम्प. मॉफमध्ये क्लॅम्पच्या जागी धातू असतो, जस्त, तांबं, ॲल्युमिनियम किंवा झिर्कोनियम. पाइपच्या जागी कार्बनचे लांबट, ताठ रेणू असतात. धातूचा क्षार आणि हे रेणू योग्य द्रावणात मिसळून तापवले की ते आपोआप एकमेकांना जोडले जातात आणि तळाशी बारीक स्फटिक जमतात. डोळ्यांना ती साधी भुकटी दिसते. आत मात्र एकसारख्या खोल्यांची रांगच्या रांग, आणि प्रत्येक खोलीची भिंत जेमतेम एका रेणूएवढी जाड.

भिंती इतक्या पातळ असल्यामुळे जवळजवळ सगळा पदार्थ म्हणजे नुसता पृष्ठभाग. सर्वांत पोकळ मॉफच्या एका ग्रॅममध्ये ७,००० चौरस मीटरपेक्षा जास्त पृष्ठभाग मोजला गेला आहे. आपल्या हिशेबात सांगायचं तर चिमूटभर भुकटीत पावणेदोन एकर रान. पाण्याच्या फिल्टरमध्ये जो कोळसा असतो, त्याच्या एका ग्रॅममध्ये साधारण हजार चौरस मीटर मिळतात, आणि त्याची भोकं वेडीवाकडी, लहानमोठी असतात. मॉफची भोकं मात्र ठरलेल्या मापाची.

आता एक गोष्ट कापडवाल्यांसाठी. याघींनी १९९९ मध्ये जगासमोर ठेवलेलं एमओएफ-५ हे या क्षेत्रातलं सर्वांत गाजलेलं मॉफ. त्यात जस्ताचे सांधे आहेत आणि मधले पाइप आहेत टेरेफ्थॅलिक ॲसिडचे. हे ॲसिड आपल्याला नवं नाही. पॉलिस्टरचा धागा त्यापासूनच बनतो. ज्या रेणूपासून शर्टाचं कापड होतं, त्याचीच जोड धातूशी घातली की पोकळ स्फटिक होतो. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं आपापल्या बाह्यांकडे बघायला लागली.

रॉब्सन यांची सुरुवात सांगताना मला दरवेळी आमच्या घरामागची मागशेड आठवते. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात त्यांच्याकडे विद्यार्थ्यांसाठी रेणूंची लाकडी मॉडेलं करण्याचं काम आलं. अणूसाठी लाकडी गोळे, बंधासाठी काड्या. गोळ्यांना भोकं पाडायची होती वर्कशॉपमध्ये, पण कुठल्या अणूला किती भोकं आणि कुठल्या कोनात, हे रॉब्सननी आखून द्यायचं होतं. कार्बनला चार भोकं, चारही ठरलेल्या कोनात. गोळे तयार होऊन आले, त्यांनी जोडून बघितले आणि त्यांच्या लक्षात आलं की भोकं बरोबर जागी पाडली असतील तर पुढे फार विचार करावा लागत नाही. काड्या खोवत गेलं की रेणूचा आकार आपोआप बरोबर येतो. सगळी माहिती भोकांच्या जागेतच साठवलेली आहे.

ज्यांनी जेकार्ड, म्हणजे मागावर नक्षी उमटवणारं यंत्र, बघितलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. चादरीवरचा मोर विणकर हाताने काढत नाही. तो आधीच पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकांच्या रूपात उतरवलेला असतो. पत्ता फिरतो, भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिचा हुक धागा उचलतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. एक भोक चुकीच्या जागी पडलं तर मोराच्या मानेत तोच दोष चादरीमागून चादर उमटत राहतो. लहानपणी मी पत्ते उजेडासमोर धरून त्यात मोर शोधायचो. कधी दिसला नाही, तरी तो तिथे होताच.

रॉब्सन यांच्या मनात त्या लाकडी गोळ्यांनी एक प्रश्न पेरला. खऱ्या अणूंना जोडण्याची आपापली दिशा असतेच, मग तिचाच वापर करून अणूंऐवजी मोठमोठे रेणू जोडत गेलं तर? प्रत्यक्ष हात घालायला त्यांना दहा वर्षांहून जास्त लागली. नमुना म्हणून त्यांनी हिरा घेतला, कारण हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार कार्बनना धरून असतो. कार्बनच्या जागी त्यांनी तांब्याचा आयन बसवला, कारण तोही चार दिशांना हात देतो, आणि मधे चार हातांचा एक मोठा सेंद्रिय रेणू. हे सगळं एकत्र केलं तर धाग्यांचा गुंता होईल असंच बहुतेकांना वाटलं असतं. झाला एक नीटनेटका स्फटिक, हिऱ्याच्याच बांधणीचा, पण आतून मोठमोठ्या पोकळ्यांचा. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. या चौकटी नाजूक होत्या, लवकर ढासळायच्या. तरीही दार उघडलं ते इथे.

कितागावांबद्दल थोडक्यात सांगतो. निरुपयोगी वाटणाऱ्या गोष्टीतही उपयोग असतो, हा प्राचीन चिनी तत्त्वज्ञ च्वांग्झ यांचा विचार ते मानत आले. त्यांच्या सुरुवातीच्या सच्छिद्र पदार्थांचा कशालाच उपयोग दिसत नव्हता आणि संशोधनासाठी पैसे मागितले तर नकार मिळायचा. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने अशी चौकट केली की आतलं पाणी काढून टाकलं तरी ती उभी राहिली आणि तिच्या बोळांतून मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत-बाहेर करू लागले. पुढे त्यांनी लवचिक मॉफही दाखवले. वायू आत शिरला की फुगणारे, बाहेर पडला की आक्रसणारे.

तिसरे ओमर याघी, आणि सोलापूरकराने ज्यांची गोष्ट मुद्दाम ऐकावी असे हे. त्यांचा जन्म १९६५ चा, जॉर्डनची राजधानी अम्मानमधला. कुटुंब पॅलेस्टिनी निर्वासितांचं. एका खोलीत सगळे, शेजारी जनावरं, वीज नाही, घरात नळ नाही. पाणी यायचं ते कित्येक दिवसांनी, तेही काही तास, आणि तेवढ्यात घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं लागायचं. दहा वर्षांचे असताना शाळेच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात त्यांना रेणूंची चित्रं दिसली आणि त्यांचं मन तिथेच गुंतलं. पंधराव्या वर्षी ते अमेरिकेला गेले. मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क हे नाव त्यांनीच १९९५ मध्ये दिलं.

उजनी भरलेलं असूनही चार-चार दिवस नळाची वाट बघितलेल्या आपल्या शहरात हे वाचताना वेगळं वाटतं. पाणी आलं की रात्री-अपरात्री उठून पिंप, हंडे, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा भरणारी आई मी बघितली आहे. तसंच करत वाढलेला मुलगा मोठेपणी हवेतून पाणी काढायच्या मागे लागला, यात मला योगायोग वाटत नाही.

हवेत पाणी असतं का? मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर आणि हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते. ओठ फुटतात, कुलर बादलीमागून बादली पाणी पितो. पण ४० अंश सेल्सिअसला २० टक्के आर्द्रता म्हणजे प्रत्येक घनमीटर हवेत साधारण १० ग्रॅम पाणी. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते, म्हणजे त्या कोरड्याठक्क खोलीतही पाव लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तरंगत असतं. चांगला मोठा पेला भरेल इतकं. आणि खिडकीतून हवा येत-जात असते, म्हणजे तो पेला पुन्हा पुन्हा भरत राहतो.

अडचण ते पकडण्याची आहे. फ्रिजसारखं यंत्र लावून हवा थंड करून दव पाडता येतं, पण इतक्या कोरड्या हवेला दव पडेपर्यंत थंड करायला वीज फार लागते. बुटाच्या खोक्यात जी सिलिका जेलची पुडी येते ती दमट हवेत छान चालते, कोरड्या हवेत तिचा जोर कमी पडतो. झिओलाइट नावाची खनिजं कोरड्या हवेतूनही पाणी ओढतात, पण मग ते सोडायलाच तयार नसतात, खूप तापवावं लागतं. हवं असं काही, जे रात्री कोरड्या हवेतून पाणी घेईल आणि सकाळच्या उन्हात मुकाट्याने देऊन टाकेल.

एमओएफ-३०३ हे त्यातलं सर्वांत जवळ पोचलेलं. ते ॲल्युमिनियमचं आहे, म्हणजे धातू स्वस्त, आणि ते पाण्यातच तयार करता येतं. त्याच्या खोल्यांत काही जागा अशा आहेत की पाण्याचे पहिले मोजके रेणू तिथे घट्ट बसतात. एकदा ते बसले की त्यांचा हात धरून पुढचे येतात, त्यांना धरून आणखी, आणि बघता बघता खोली भरते. लग्नाच्या पंगतीत पहिली चार माणसं बसेपर्यंत सगळे भिंतीला टेकून उभे असतात आणि ती बसली की पानं भराभर भरतात, तसं. म्हणूनच हवा बरीच कोरडी असली तरी, आर्द्रतेने एक ठरावीक खालची पातळी ओलांडली की हे मॉफ एकदम पाणी भरून घेतं. २०२१ मध्ये याघींच्या गटाने एकेक रेणू कुठे बसतो हे तपासून पंगतीचा हा क्रम उलगडला आणि त्या माहितीवरून चौकटीत थोडे फेरफारही करून दाखवले.

पेटी कशी चालते तेही सांगतो. रात्री झाकण उघडं, भुकटीवरून हवा जाते, पाणी आत बसतं. सकाळी झाकण बंद, ऊन लागतं, भुकटी तापते, वाफ सुटते आणि थंड भिंतीवर जमून खाली उतरते. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून ठिबकतं, तेच हे पाणी.

आता आकडे, कारण इथेच बातम्या वाचणाऱ्यांची दिशाभूल होते. सौरऊर्जेवरचा पंखा लावलेल्या आणि दिवसात अनेकदा भरणं-सोडणं करणाऱ्या यंत्राने अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात एक किलो एमओएफ-३०३ मागे दिवसाला ०.७ लिटर पाणी दिलं. हे २०१९ मधलं. २०२३ मध्ये डेथ व्हॅलीत नुसत्या उन्हावर, विजेशिवाय चालणाऱ्या पेटीने किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त २८५ ग्रॅम दिलं. चार माणसांच्या घराला पिण्यापुरतं १६ लिटर धरलं, तर पहिल्या पद्धतीने सुमारे २३ किलो भुकटी लागेल, दुसऱ्या पद्धतीने ५६ किलो. शहरात माणशी १३५ लिटर पाणी द्यावं असा आपल्याकडचा मापदंड आहे. तेवढं सगळं हवेतून काढायचं तर एका माणसामागे १९० किलोच्या वर मॉफ हवं. म्हणून स्पष्टच सांगतो, उजनीच्या जलवाहिनीला हा पर्याय नाही आणि नळाच्या तक्रारीला हे उत्तर नाही. पण जिथे बोअर खारी आहे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, अशा वस्तीवरच्या एका घराला रोजचे दोन हंडे पिण्याचं पाणी मिळालं तर काय फरक पडतो, हे ज्या बाईने ते हंडे डोक्यावरून आणले आहेत तिला विचारावं. मला हे संशोधन मोलाचं वाटतं ते या दोन हंड्यांसाठी.

आपल्या शहराला याहून जवळचा एक उपयोग आहे, तो रंगाच्या पाण्याचा. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला ओढ्यासारखी गटार होती. आज मरून रंगाची, उद्या हिरवी, परवा निळी. तिच्याकडे बघून आम्ही सांगायचो की डाईंगमध्ये आज कुठल्या ऑर्डरचं सूत आहे. तेव्हा त्याची मजा वाटायची. आता त्यामागची रसायनं कळतात आणि मजा वाटत नाही. रिॲक्टिव्ह रंग सुताला पक्का धरतो, पण सगळा नाही. काही भाग पाण्याशीच जुळून बसतो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. तो पिऊन टाकायला जिवाणूही सहसा तयार नसतात, कारण न उडण्यासाठीच तो बनवलेला असतो.

भोकाचं माप आणि आतला विद्युतभार ठरवता येत असल्याने रंगाचा रेणू नेमका अडकवणारे मॉफ प्रयोगशाळेत भरपूर झाले आहेत. रंगीत पाण्यात भुकटी टाकली, ढवळली, गाळली की पाणी नितळ. व्हिडिओत हे फार देखणं दिसतं. पण हे प्रयोग बहुतेक वेळा एकाच रंगाच्या, स्वच्छ पाण्यातल्या द्रावणावर होतात. डाईंगच्या पाण्यात मीठ असतं, सोडा असतो, सुताचे तंतू असतात, चार रंग एकत्र असतात. आणि मॉफ सगळं सोसतंच असं नाही. मघाशी सांगितलेलं पॉलिस्टरच्या ॲसिडचं एमओएफ-५ दमट हवेतच ढासळतं. तेच ॲसिड झिर्कोनियमला जोडून ओस्लो विद्यापीठात २००८ मध्ये युआयओ-६६ केलं गेलं, ते पाण्याला दाद देत नाही, आम्लातही टिकतं. मात्र तीव्र अल्कलीत तेही कच्चं पडतं, आणि रिॲक्टिव्ह डाईंगचं पाणी सोड्यामुळे अल्कलीच असतं. म्हणजे आधी पाणी उदासीन करा, मग गाळा, मग मॉफ, आणि भरलेलं मॉफ धुऊन पुन्हा वापरता आलं पाहिजे, नाहीतर रंगाच्या जागी रंगीत भुकटीचा ढीग. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत पाण्यातले घातक घटक पकडणाऱ्या मॉफवर बरंच काम झालं आहे. सोलापूरच्या डाईंगचं खरं, घाणेरडं पाणी कॅनमध्ये भरून अशा प्रयोगशाळेत गेलं पाहिजे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. प्रश्न इथला आहे, तेव्हा नमुनाही इथलाच हवा.

कारखान्याच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडबाबत मात्र मॉफ प्रयोगशाळेच्या बाहेर आलं आहे. कॅनडात घडलेलं जस्ताचं कॅल्फ-२० धुरातल्या वाफेला फारसं न जुमानता हा वायू पकडतं. तिथल्या एका सिमेंट कारखान्यात त्याची चाचणी झाली आणि जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने ते वर्षाला शेकडो टन या प्रमाणात बनवायला घेतलं. होटगी रोडवरून जाताना सिमेंटच्या चिमण्या बघितल्या की मला याची आठवण होते. पकडलेल्या वायूचं पुढे काय करायचं, हा प्रश्न वेगळा आणि खर्चिक आहे.

शेवटची गोष्ट मी पहिल्यांदा वर्गात न सांगता शेजारच्या काकांना सांगितली. चाळीस वर्षं ते यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. मागाच्या आवाजावरून कुठला पुर्जा ढिला आहे हे सांगतील असा माणूस. मी म्हटलं, काका, त्याच याघींच्या गटाने २०१६ मध्ये रेणूंचं कापड विणलं. सीओएफ-५०५ त्याचं नाव. उभे-आडवे धागे रेणूंचे, एकमेकांच्या वरून-खालून गेलेले, अगदी आपल्या ताण्या-बाण्यासारखे.

काकांनी चष्मा काढला. “मग धोटा कोण फेकतं वो सर?”

आडवा धागा नेणारा धोटा इथे नाही, मी सांगितलं. तांब्याचे आयन असतात. एका आयनाभोवती दोन तुकडे एकमेकांना छेदून बसतात, फुली मारल्यासारखे. अशा फुल्या शेजारी-शेजारी आल्या की तुकड्यांची टोकं जुळतात आणि लांब धागे तयार होतात, आधीच विणलेले. प्रत्येक फुलीवर तांबं बसलेलं. मग ते तांबं धुऊन काढून टाकायचं.

ते थोडा वेळ हाताची बोटं एकमेकांत गुंतवून बघत बसले. मग बोटं थोडी ढिली करून हलवली.

“तांबं काढल्यावर धागे सरकत असणार. कापड सैल पडत असणार.”

बरोबर तेच होतं. तांबं काढल्यावर त्या पदार्थाची लवचिकता दहापट वाढते, कारण धागे एकमेकांना चिकटलेले नसतात, नुसते गुंतलेले असतात. तांबं पुन्हा घातलं की पदार्थ होता तसा घट्ट होतो. मी हे सांगितलं, तेव्हा काकांची बोटं अजून गुंतलेलीच होती, आणि ते ती एकदा सैल, एकदा घट्ट करून बघत होते.